छोट्या स्पोर्ट्‌स मोटारीचे सस्पेन्शन : आधी दुरुस्ती, मग सुधारणा

आपल्याकडील मोटार मेकॅनिकचा धंदा मुख्यतः बिघाड काढून देण्याचा आहे. गिऱ्हाईक येते, क्लच घसरतो म्हणते किंवा ब्रेक लागत नाही म्हणते. उस्ताद दोष शोधतो, भाग बदलतो आणि गाडी होती तशी करून देतो. परंतु एक गिऱ्हाईक असे असते की ज्याच्या गाडीत काही मोडलेलेच नसते. "गाडी वळणावर अधिक चांगली चालली पाहिजे," एवढेच त्याचे म्हणणे असते. दुबई-शारजाच्या वर्कशॉपमध्ये किंवा इंग्लंडमध्ये काम करणाऱ्या आपल्या कोकणी तरुणांना हे गिऱ्हाईक भेटते, आणि पुण्या-मुंबईतही ते आता अनोळखी राहिलेले नाही. अशा वेळी बिघाड काढण्यात पटाईत असलेला मेकॅनिकही गोंधळतो आणि दुकानदार सांगेल तो महागडा संच बसवून मोकळा होतो.

हे काम चुकले तर ते गॅरेजमध्ये कळत नाही. गाडी दिसायला झोकदार, खाली बसलेली, हाताने दाबली तर कडक लागते. गिऱ्हाईक खूश होऊन पैसे देऊन जाते. चूक कळते ती पावसात, घाटाच्या वळणावर, मधोमध खड्डा आला म्हणजे. म्हणून हा विषय थोडा सविस्तर पाहू. उदाहरणादाखल एकच गाडी घेऊ, म्हणजे बोलणे हवेत राहणार नाही.

ती गाडी म्हणजे माझदा कंपनीची एमएक्स-५, पहिल्या पिढीची. माझदा हे नाव आपल्या वाचकांना स्वराज माझदाच्या मिनीबसमुळे माहीत आहे. पण ही दोन माणसांची, उघड्या टपाची, मागच्या चाकांना ताकद देणारी छोटी गाडी कंपनीने भारतात कधी विकली नाही. १९८९च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती प्रथम लोकांपुढे आली. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात, जपानमध्ये ती युनोस रोडस्टर या नावाने विकली गेली. पहिली पिढी १९९७पर्यंत चालली, आणि सर्व पिढ्या मिळून २०१६च्या एप्रिलमध्ये दहा लाखावी गाडी तयार झाली. वजन साधारण ९५० किलो, म्हणजे आजच्या कित्येक घरगुती मोटारींपेक्षा कमी. चारही चाकांना दुहेरी विशबोन, म्हणजे वर एक आणि खाली एक असे दोन आर्म. शिवाय पुढे आणि मागे दोन्हीकडे चाकांचे कोन बदलण्याची सोय कारखान्यातूनच दिलेली. शिकण्यासाठी याहून चांगली गाडी सापडणे कठीण. जगभर या गाडीच्या सस्पेन्शनचे सुटे भाग बनवणारे एवढे आहेत की चुकीची निवड करायलाही भरपूर वाव आहे!

वजन सरकते म्हणजे काय?

वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला अंग टाकते. बहुतेकांचा समज असा की हे अंग टाकणे हाच रोग. ते बंद केले की गाडी सुधारली. हा समज अर्धवट आहे. खरे महत्त्व आहे ते आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर किती वजन जाते याला, आणि हे वजन स्प्रिंग कडक केल्याने कमी होत नाही.

साधा हिशेब करून पाहू. गाडी चालकासह १००० किलो, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ४५ सेंटिमीटर उंच आणि डाव्या-उजव्या चाकांतील अंतर १४० सेंटिमीटर धरू. वळणावरचा बाहेर ढकलणारा जोर गाडीच्या वजनाच्या आठ-दशांश आहे असे मानू. हजाराला ०.८ने गुणावे, पुन्हा ४५ने गुणावे आणि १४०ने भागावे. उत्तर येते २५७ किलो. एवढे वजन आतून बाहेर सरकले. या हिशेबात स्प्रिंगचा कडकपणा कुठेच आला नाही हे ध्यानात घ्यावे. आता गाडी दोन सेंटिमीटर खाली केली तर ४५च्या जागी ४३ येतील आणि उत्तर होईल २४६. म्हणजे एवढी उठाठेव करून फायदा ११ किलोंचा! दिसण्यासाठी गाडी खाली करायची असेल तर गोष्ट वेगळी, पण पकड वाढावी म्हणून खाली करणाऱ्याने हा आकडा गिऱ्हाइकापुढे ठेवावा.

मग स्प्रिंग आणि रोल बार काय करतात? ते दोन कामे करतात. एक, गाडीने अंग टाकले की चाकेही तिरकी होतात आणि टायर पूर्ण रुंदीने रस्त्यावर टेकत नाही. अंग टाकणे आवरले की टायर नीट टेकतो. दुसरे काम अधिक महत्त्वाचे. सरकलेल्या २५७ किलोंपैकी पुढच्या जोडीने किती सोसायचे आणि मागच्या जोडीने किती, ही वाटणी ते ठरवतात. टायरचा स्वभाव असा की त्यावर दुप्पट वजन टाकले तरी पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमीच वाढते. त्यामुळे ज्या जोडीत जास्त वजन सरकते ती जोडी आधी पकड सोडते. पुढची बाजू कडक केली तर पुढची चाके आधी घसरतात आणि स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळ जाऊ पाहते. मागची बाजू फार कडक केली तर शेपटी फेकली जाते. एमएक्स-५सारख्या मागून ढकलणाऱ्या हलक्या गाडीत हा दुसरा प्रकार ओल्या रस्त्यावर क्षणात घडतो.

पाना हातात घेण्यापूर्वी

या पिढीतील सर्वांत नवी गाडीसुद्धा आता पंचविशी ओलांडून गेली आहे. तिच्या आर्मच्या टोकांना असलेले रबरी बुश वाळून चिरलेले असतात, शॉक अब्सॉर्बर, ज्याला गॅरेजच्या भाषेत आपण शॉकअप म्हणतो, गळून रिकामे झालेले असतात. अशा गाडीवर नवा कडक संच चढवणे म्हणजे ओल्या भिंतीवर रंग देणे होय. कडक स्प्रिंगचा जोर शेवटी त्याच जीर्ण बुशांवर येतो, चाक आपल्या जागेवर राहत नाही आणि ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढते. गिऱ्हाईक म्हणते, नवा माल खराब आहे. माल खराब नसतो.

म्हणून पहिला दिवस फक्त तपासणीचा ठेवावा आणि त्याची मजुरी वेगळी घ्यावी. टायरपासून सुरुवात करावी. टायर किती घासला आहे एवढेच न पाहता कसा घासला आहे, आतल्या कडेला की बाहेरच्या, हे पाहावे आणि त्याच्या बाजूवर छापलेले उत्पादनाचे वर्षही वाचावे. शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. या गाडीला मूळ १८५/६० आर १४ मापाचे टायर होते. आज १४ इंची मापात चांगल्या पकडीचे टायर मिळणे अवघड जाते, म्हणून पुष्कळजण १५ इंची चाकावर १९५/५० बसवतात. दोन्हींचा व्यास काढून पाहिला तर फरक दोन मिलिमीटरहून कमी भरतो, त्यामुळे स्पीडोमीटरला धक्का लागत नाही. पाच-सहा वर्षांचे दगडासारखे टायर काढून चांगले टायर घातले की निम्मी गिऱ्हाइके इथेच समाधान पावतील असे आमचे मत आहे. दुकानदाराला हे आवडणार नाही.

त्यानंतर गाडी स्टँडवर घ्यावी. चाक वर-खाली आणि आडवे हलवून बॉल जॉइंट व बेअरिंग पाहावे, पहारीने आर्म हलकेच रेटून बुश पाहावेत. शॉकअप गळतो का, त्याचा दांडा खरचटला आहे का हे पाहावे. बॉनेट दाबून सोडण्याची जी जुनी रीत आहे तिने मेलेला शॉकअप कळतो. अशक्त झालेला कळत नाही. तेव्हा केवळ त्या परीक्षेवर "शॉकअप चांगले आहेत" असे सांगू नये.

गाडी सपाट जागी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची चारही कोपऱ्यांना मोजून लिहून ठेवावी. जमिनीपासून मोजू नये, कारण त्यात टायरची हवा आणि झीज मिसळते. हा कागद कामाच्या शेवटी लागणार आहे.

बुशाचा एक नियम

येथे एक गोष्ट सांगतो जी अनेक वर्षे काम केलेले लोकही पाळत नाहीत. कारखान्यातील रबरी बुश हा फिरत नाही. त्याचे रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेले असते आणि आर्म वर-खाली होताना ते पिळले जाते. आता गाडी जॅकवर आहे, चाके लोंबत आहेत, आणि आपण बोल्ट पूर्ण आवळले. गाडी खाली उतरवली की आर्म वर उचलला जातो आणि रबर उभ्या गाडीतच पिळलेले राहते. मग प्रत्येक खड्ड्याला ते आणखी पिळते आणि नवा बुश थोड्याच महिन्यांत फाटतो. शिवाय पिळलेले रबर स्प्रिंगसारखे जोर लावत असल्याने गाडीची उंचीही चुकीची येते. तेव्हा सर्व बोल्ट आधी नुसते बोटाने लावावेत, गाडी चाकांवर उतरवावी, थोडी पुढे-मागे ढकलून बसू द्यावी आणि मगच टॉर्क पान्याने आवळावेत. खड्डा किंवा रॅम्प नसेल तर चाकांखाली भक्कम लाकडी ओंडके देऊन हे साधता येते. जॅकच्या भरवशावर कधीही खाली जाऊ नये.

पॉलियुरेथेनचे बुश मिळतात. ते रबराला चिकटलेले नसून नळीवर फिरतात, म्हणून त्यांना हा नियम लागू नाही. पण त्यांना योग्य ग्रीस लागते, नाहीतर ते कुरकुरतात. रस्त्यावरच्या गाडीला नवे रबरी बुश पुरेसे आहेत असे आम्हाला वाटते. ज्यांची गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर जाते त्यांनी दुसरा विचार करावा.

या गाडीत खालच्या आर्मचे लांब बोल्ट, ज्यांच्या लंबगोल वायसरने चाकाचा कोन बदलतो, आतल्या नळीत गंजून जाम होतात. थंड देशांत रस्त्यावर मीठ टाकतात तेथे ही मोठी डोकेदुखी आहे. आपल्याकडे खाडीकाठच्या आणि किनाऱ्यावरच्या गाड्यांतही हेच घडते. बोल्ट फिरतच नसेल तर अलाइनमेंट होणार नाही, मग वर कितीही महाग माल बसवा. जाम बोल्ट कापून काढावा लागला तर त्यात अर्धा-एक दिवस जातो. म्हणून किंमत सांगण्यापूर्वीच हे बोल्ट फिरतात की नाही ते पाहून घ्यावे, अन्यथा मजुरी अंगावर पडते.

स्प्रिंग आणि शॉकअप ही जोडी आहे

स्प्रिंग गाडीचा भार पेलते आणि धक्का साठवते. तो साठवलेला धक्का ती परत देणारच. शॉकअपचे काम आहे त्या परतीला आवर घालण्याचे. स्प्रिंग जितकी कडक तितका शॉकअपही जोरदार हवा, आणि येथेच बहुतेक स्वस्त कामे फसतात.

हिशेब पाहू. एका कोपऱ्यावर स्प्रिंगवर पेललेले वजन २२० किलो धरू. चाक एक मिलिमीटर वर जायला १.४ किलो जोर लागतो असे मानू. अशी गाडी एकदा दाबून सोडली आणि शॉकअप नसला तर सेकंदाला साधारण सव्वा वेळा डुलेल; हा घरगुती आरामाचा आकडा आहे. आता आपण १.४च्या जागी २.५ केले. डुलण्याचा वेग सेकंदाला १.७ वेळा होईल. हा चपळ रस्तागाडीचा आकडा झाला. पण शॉकअप जुनाच ठेवला तर त्याचा आवर आधीच्या तुलनेत पाऊण हिस्साच उरतो, म्हणजे एक-चतुर्थांशाने घटतो. तो शॉकअप आधीच थकलेला असेल तर काय होईल हे सांगायला नको. गाडी कडक लागते, तरीही डुलत राहते. लोक म्हणतात, "कडक केली तरी पकड नाही." पकड जाते ती कडकपणामुळे नव्हे, सुटलेल्या आवरामुळे.

येथे आणखी एक बारकावा. वरचा १.४चा आकडा चाकापाशी मोजलेला आहे, स्प्रिंगपाशी नव्हे. विशबोनच्या गाडीत स्प्रिंग आर्मच्या मधे कुठेतरी बसलेली असते. चाक १० मिलिमीटर हलले आणि स्प्रिंग ७ मिलिमीटरच दबली, तर चाकाला जाणवणारा कडकपणा स्प्रिंगच्या सात-दशांश नव्हे, तर त्याच्या वर्गाएवढा म्हणजे जवळजवळ निम्मा असतो. म्हणून चाकापाशी १.४ हवे तर स्प्रिंग २.८ची लागते. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक छोट्या मोटारींच्या पुढच्या भागात, स्प्रिंग जवळजवळ चाकाएवढीच हलते. त्यामुळे एका गाडीच्या स्प्रिंगचा आकडा पाहून दुसऱ्या गाडीला स्प्रिंग निवडणे ही शुद्ध फसगत आहे.

शॉकअपमध्ये दोन प्रकार बाजारात जास्त दिसतात. एका नळीचे गॅसचे, जसे जर्मनीच्या बिल्स्टाइनचे, आणि दोन नळ्यांचे, जसे हॉलंडच्या कोनीचे पिवळे. कोनीच्या या पिवळ्या शॉकअपला वरच्या टोकाला फिरवून जोर कमी-जास्त करता येतो, पण तो फक्त परतीचा जोर. दाबताना लागणारा जोर त्याने बदलत नाही. बहुतेक गिऱ्हाइकांना हे ठाऊक नसते आणि ते चारही घट्ट फिरवून ठेवतात. परतीचा जोर फार वाढवला तर एका खड्ड्यात वर गेलेले चाक पुढचा खड्डा येण्याआधी खाली येऊच शकत नाही. खड्ड्यांमागून खड्डे आले की गाडी पायरी-पायरीने खाली बसत जाते आणि अखेरीस ठोकळ्यावर आदळते. तेव्हा सैल बाजूकडून सुरुवात करावी, एका उंचवट्यावरून ठराविक वेगाने गाडी न्यावी, आणि उतरल्यावर ती एकाच हेलकाव्यात स्थिर होईपर्यंत थोडे-थोडे फिरवावे. त्यापुढे जाऊ नये. जुन्या बाजारातून आणलेल्या, रंग मारून नव्यासारख्या केलेल्या शॉकअपला मात्र आमची साफ मनाई आहे. कुर्ल्याच्या बाजारात पुष्कळ चांगला जुना माल मिळतो, दरवाजे घ्या, काचा घ्या. शॉकअप घेऊ नका. त्याच्या आत काय उरले आहे ते बाहेरून कोणालाच सांगता येत नाही.

ठोकळ्यावर बसलेली गाडी

शॉकअपच्या दांड्यावर एक रबरी ठोकळा असतो, बंप स्टॉप. चाक फार वर गेले तर लोखंडाने लोखंडावर आदळू नये म्हणून तो दिलेला असतो. एमएक्स-५ ही मुळातच कमी उसळीची गाडी आहे. तिच्यात ठोकळ्याला टेकायला जागा थोडी. समजा मूळ उंचीवर ७० मिलिमीटर जागा आहे आणि कोणी बाजारू स्प्रिंग घालून गाडी ४० मिलिमीटर खाली केली. राहिली ३० मिलिमीटर. स्प्रिंगने पचवलेला धक्का अंतराच्या वर्गाने वाढतो. सत्तराचा वर्ग ४९००, तिसाचा ९००. म्हणजे शॉकअपचा वाटा सोडून दिला, तर पूर्वीइतकाच धक्का ठोकळ्याला न टेकता पचवायला स्प्रिंग पाचपटीहून अधिक कडक हवी. बाजारातल्या सजावटी स्प्रिंग थोड्याशाच अधिक कडक असतात. परिणामी गाडी वळणावर अंग टाकते तेव्हा बाहेरचे चाक थेट ठोकळ्यावर जाते, त्या कोपऱ्याचा कडकपणा एकदम कितीतरी पटींनी वाढतो, वजनाची वाटणी वळणाच्या मधोमध बदलते आणि ती जोडी पकड सोडते. मागचे चाक असेल तर शेपटी गेली. चालकाने काहीही चूक केलेली नसते.

अनुभवी लोक या पहिल्या पिढीच्या गाडीत चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतची उंची सुमारे ३२ सेंटिमीटरच्या खाली नेऊ नये असे सांगतात, आणि ते योग्यच आहे. पुढच्या पिढीच्या शेवटच्या काळातील वरचे माउंट या जुन्या गाडीला बसतात आणि त्यामुळे काही मिलिमीटर जागा वाढते. हा थोड्या पैशांत होणारा फार उपयोगी बदल आहे. ठोकळा टेकतो का हे पाहायला शॉकअपच्या दांड्यावर एक प्लॅस्टिकची पट्टी आवळून ठेवावी आणि गाडी नेहमीच्या रस्त्याने फिरवून आणावी. पट्टी कुठपर्यंत सरकली ते पाहिले की वाद मिटतो.

स्प्रिंगचा वेढा कापणे, किंवा गॅसच्या ज्योतीने तापवून ती बसवणे, हे आपल्याकडे अजून चालते. सहा कामाचे वेढे असलेल्या स्प्रिंगचा एक कापला तर ती वीस टक्के कडक होते हे खरे, आणि गाडी खाली येते हेही खरे. परंतु कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही. चाक लोंबले की स्प्रिंग सैल होते आणि जागा सोडू शकते. तापवलेल्या स्प्रिंगचे तर पाणीच उतरते. ती केव्हा बसेल वा तुटेल याचा नेम नाही. हे काम गिऱ्हाइकाने हट्ट धरला तरी करू नये. शंभर रुपये कमी मिळतील, पण ती स्प्रिंग तुटली तर गाडीत बसलेल्या माणसाच्या घरच्यांना तोंड दाखवता येणार नाही.

रोल बार आणि चाकांचे कोन

रोल बारची निवड करताना एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे. भरीव बारचा कडकपणा त्याच्या जाडीच्या चौथ्या घातावर जातो. १९ मिलिमीटरच्या जागी २२चा बार घातला तर वाढ दिसते तीन मिलिमीटरची, पण कडकपणा वाढतो जवळजवळ ऐंशी टक्के. या गाडीत आधी पुढचा बार बदलून पाहावा आणि मागचा मूळचाच ठेवावा. पुढची चाके जास्त घसरू लागली तरच मागे हात घालावा. बारच्या बाजूच्या कड्या गाडी चाकांवर उभी असताना, बारला पीळ न पडता जोडाव्यात.

शेवटी अलाइनमेंट. क्रमाने हे शेवटी येते पण पैशांच्या मानाने सर्वांत जास्त फळ येथेच आहे. रस्त्यावरच्या वापरासाठी पुढच्या चाकांचा माथा आत एक ते दीड अंश, मागच्यांचा त्याहून किंचित जास्त, पुढचा टो शून्य आणि मागचा टो थोडासा आत, एवढ्याने ही गाडी पालटते. मागचा टो बाहेर गेला असेल तर गाडी सरळ रस्त्यावरही शेपूट हलवते. पुष्कळ ठिकाणी फक्त पुढचीच चाके मोजून देतात, तेव्हा चारही चाके मोजणाऱ्याकडेच जावे. मोजताना चालकाच्या जागी त्याच्या वजनाइतका भार ठेवावा. ९५० किलोच्या गाडीत ७५ किलोंचा माणूस म्हणजे काही क्षुल्लक गोष्ट नाही.

कायदा आणि कागद

आपल्या देशात मोटार वाहन कायदा, १९८८ याचे कलम ५२ वाहनात फेरफार करण्यास मर्यादा घालते. कारखान्याने मंजूर करून घेतलेल्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल केलेल्या वाहनाची नोंदणी करता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१९च्या जानेवारीत दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेले भाग बसवून फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. थकलेले भाग त्याच मापाच्या चांगल्या भागांनी बदलणे ही दुरुस्ती आहे. गाडीची उंची आणि मूळ रचना बदलणे ही वेगळी गोष्ट आहे. शंका असेल तेथे आधी प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे. जर्मनीत बदललेल्या स्प्रिंगला मंजुरीचा कागद लागतो, आणि इंग्लंडमध्ये विमा कंपनीला फेरफार कळवावा लागतो. न कळवल्यास अपघाताच्या वेळी दावा अडकू शकतो. परदेशात काम करणाऱ्या मेकॅनिकने "मी फक्त पाना फिरवला" म्हणून चालत नाही. गिऱ्हाइकाकडून मंजुरीची आणि विमा कंपनीच्या पत्राची प्रत घेऊन ती कामाच्या कागदाला लावून ठेवावी.

त्याच कागदावर कामापूर्वीच्या आणि नंतरच्या चारही उंच्या, चाकांचे कोन, टायरची हवा आणि शॉकअपची फिरकी किती ठेवली हे लिहावे. एका वेळी एकच बदल करावा आणि त्यानंतर गाडी त्याच रस्त्यावर, त्याच हवेच्या दाबाने चालवून पाहावी. गिऱ्हाइकाला "बरी वाटते का?" असे विचारू नये, बरी तर नवीन प्रत्येक गोष्ट वाटते. वळणात शिरताना काय होते, मधोमध काय होते आणि बाहेर पडून गती देताना काय होते, असे तीन वेगळे प्रश्न विचारावेत. शिरताना पुढची चाके घसरत असतील तर उपाय वेगळा, बाहेर पडताना शेपटी जात असेल तर वेगळा.

नव्या स्प्रिंग पहिल्या काही दिवसांत थोड्या बसतात, बुशही आपली जागा घेतात. म्हणून पाचशे किलोमीटर झाल्यावर गाडी परत बोलवावी, उंची मोजून पहिल्या कागदाशी ताडून पाहावी, सर्व बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासावेत आणि टो पुन्हा मोजावा. या दुसऱ्या भेटीची मजुरी पहिल्या बिलातच धरलेली असावी, म्हणजे गिऱ्हाईक यायला टाळाटाळ करीत नाही.